गाळ खाली बसविण्याची विद्या



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा कामगार चळवळीवरील व्याख्यानाची असावी. आम्ही विषय कळविला तो गाळाचा. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग मोठ्या मनाने तो छापला. गाळाचा आणि कामगारांचा संबंध काय, हे ओघाने येईलच.

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या आपल्या चाळीसगावात शिरल्या, ते पाणी आपणांपैकी पुष्कळांनी गुडघ्याएवढे, कमरेएवढे अंगावर घेतले आहे. पूर ओसरला; पण त्या दिवसांत हंड्यात धरून ठेवलेले पाणी दोन दिवस झाले तरी चहाच्या रंगाचे ते चहाच्या रंगाचेच राहिले. वाळू आणि काडीकचरा केव्हाच तळाला गेला होता. वर राहिला तो काळ्या मातीचा अतिशय बारीक अंश. मग घरातली एखादी म्हातारी उठते, तुरटीचा खडा घेते आणि हंड्यात चारसहा वेळा फिरवते. थोड्या वेळाने पाण्यात ढगासारखे पुंजके दिसू लागतात, ते सावकाश खाली उतरतात आणि सकाळी वरचे पाणी नितळ झालेले असते. तुरटीने पाण्यातले जंतू मरत नाहीत, म्हणून ते पाणी पुढे उकळावेच लागते. पण गाळ बसतो हे खरे.

हा चमत्कार इतका घरगुती आहे की त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. वास्तविक माती पाण्याच्या अडीचपट जड. ती बुडायला हवी. ती बुडतेही, परंतु आपल्या सवडीने. केंब्रिजचे गणिती स्टोक्स यांनी १८५१ साली याचा हिशेब मांडला. कणाची जाडी दहापट कमी झाली की त्याचा खाली पडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण एक मीटर पाणी सुमारे दोन मिनिटांत उतरून जातो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या मातीच्या कणाला तेच अंतर उतरायला बारा-तेरा दिवस लागतात, आणि तेसुद्धा पाणी अगदी निश्चल राहिले तर. त्याहून बारीक कण कधी बसतच नाहीत म्हटले तरी चालेल. तेव्हा गाळ लवकर बसवायचा तर बारीक कणांना एकत्र आणून त्यांचा मोठा पुंजका करणे, हाच मुख्य मार्ग. इंग्रजीत या क्रियेला फ्लॉक्युलेशन म्हणतात. तो शब्द लॅटिन भाषेतील लोकरीच्या पुंजक्यावरून आला आहे. ज्या गावात कापसाचे जीन आणि कापडगिरणी होती तेथील माणसांना पुंजका म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.

आता ही विद्या आमच्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाच्या वाट्याला कशी आली ते सांगतो.

गोष्ट १९९८ च्या हंगामातली. आम्ही तेव्हा एका साखर कारखान्यात फिटर खात्यात नोकरीला होतो आणि युनियनचे कामही पाहत होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. मात्र ही गोष्ट आपल्या भोरसच्या बेलगंगेची नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर बाहेर पडल्यावर तर्क सुरू होतील. त्या कारखान्यात रस निवळण्याच्या टाकीवर एक वयस्क खलाशी होते. त्यांना सगळे आबा म्हणत. एके दिवशी आबांच्या पाळीत निवळ रस गढूळ येऊ लागला, दुसऱ्या दिवशीही आला, आणि तिसऱ्या दिवशी आबांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. ‘निष्काळजीपणाने औषधाचे प्रमाण चुकविल्यामुळे उत्पादनाचे नुकसान झाले’ असा आरोप होता. औषध म्हणजे पिशवीतून येणारी एक पांढरी भुकटी. आबा नोटीस घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, “भाऊ, प्रमाण मी चुकवलं नाही. पण औषध जिथं सोडायला लावलंय, तिथं ते सोडण्यात अर्थ नाही.”

आम्हांला त्यातले अक्षर कळले नाही. फिटरला पंप कळतो. पंपातून जाणाऱ्या रसाचे काय होते हे त्याला कोण सांगणार? चौकशीची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. ते तीन आठवडे आम्ही वाचनालयात काढले, रसायनाच्या प्राध्यापकांच्या घरी जाऊन त्यांना पिडले, शब्दकोश घेऊन इंग्रजी पुस्तके वाचली. पुढे जे सांगणार आहोत त्यातले काही त्या तीन आठवड्यांतले, काही नंतरच्या वर्षांतले.

मातीचे बारीक कण आपापसांत का चिकटत नाहीत? तर प्रत्येक कणाच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. एकाच गुणाची माणसे एका बाकावर बसली म्हणजे जे होते तेच. तुरटीतून ॲल्युमिनियमचे कण सुटतात. त्यांच्यावर धन भार असतो, आणि तो तिहेरी असतो. ते मातीच्या कणांचा ऋण भार मारून टाकतात. शिवाय ॲल्युमिनियमचा एक चिकट, फुगीर साका पाण्यात तयार होतो आणि तो उतरताना वाटेतले कण झाडूनच खाली नेतो. पण हा कार्यकारणभाव कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. क्रिया त्याआधी हजारो वर्षे हाताने चालू होती.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याची सात साधने सांगितली आहेत. निवळीचे बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. मोती आणि मणी यांच्याबद्दल आम्ही काही बोलत नाही. ते आमच्या ऐपतीबाहेरचे औषध आहे. वस्त्र म्हणजे गाळणे. परंतु पहिले नाव निवळीचे आहे हे ध्यानात घ्या. कुचल्याच्या जातीतले हे झाड. कुचला विषारी, पण निवळीचे बी तसे नाही. ते मातीच्या घागरीच्या आतल्या अंगाला घासून वर पाणी भरले की गाळ धरतो. मनुस्मृतीशी आमचे जमण्यासारखे फारसे काही नाही; परंतु तिच्या सहाव्या अध्यायातला एक दृष्टान्त आम्ही कामगारांच्या सभांतून अनेकदा वापरला आहे. निवळीच्या फळाने पाणी स्वच्छ होते, पण त्या फळाचे नुसते नाव घेतल्याने होत नाही, असे तेथे म्हटले आहे. ज्या वाटाघाटींत नुसतीच नावे घेतली जातात, तेथे हा दृष्टान्त हुकमी लागू पडतो.

दुसरे उदाहरण आमच्या डोळ्यांसमोरचे. लहानपणी आम्ही सुटीत गुऱ्हाळावर कामाला जात असू. काहिलीतला रस तापू लागला की गुळव्या भेंडीची झाडे मागवी. खोडे ठेचून पाण्यात चोळायची आणि ते बुळबुळीत, तार धरणारे पाणी रसात ओतायचे, हे पोरांचे काम. थोड्याच वेळात काळपट हिरवी मळी दाट सायीसारखी वर येई आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकी. येथे पुंजके खाली न बसता वर येतात, कारण तापलेल्या रसातली हवा त्यांत अडकते आणि त्यांना वर उचलते. पण पुंजके होण्याची क्रिया तीच. भेंडी किती घालायची, याचे माप गुळव्याच्या बोटांत असे. कमी पडली तर गूळ काळा, फार झाली तरी बिघाड. (येथे एका शब्दाचा घोटाळा सांगून ठेवतो. गुऱ्हाळात मळी म्हणजे वर येणारी घाण. साखर कारखान्यात मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, ज्याची दारू होते. आणि कारखान्यातल्या घाणीला प्रेसमड म्हणतात, पण शेतकरी खतासाठी नेताना तिलाही मळीच म्हणतो. या घोटाळ्यापायी आम्ही एका बैठकीत अर्धा तास भांडलेलो आहोत.)

युरोपात या गोष्टीकडे शास्त्रीय नजरेने पाहणाऱ्यांत मायकेल फॅरडे यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. ते लोहाराचे पुत्र, पुस्तकबांधणीच्या दुकानातले उमेदवार, बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकलेले. आमच्यासारख्यांना त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटला तर नवल नाही. १८५७ साली त्यांनी सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात तरंगते ठेवले की पाणी माणकासारखे लाल दिसे. त्यात चिमूटभर मीठ पडले की लाल रंग जाऊन निळा येई, म्हणजे कण एकमेकांना चिकटून मोठे होत. त्यांच्या त्या लाल पाण्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. पुढे १८८२ साली शुल्झे या जर्मन शास्त्रज्ञाने आणि १९०० साली हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाने नियम शोधला. टाकलेल्या क्षारावरचा विरुद्ध भार एकेरीऐवजी दुहेरी असेल तर तो कित्येक पटीने कमी पुरतो, तिहेरी असेल तर शेकडो पटीने कमी पुरतो. मिठापेक्षा चुना का प्रभावी आणि चुन्यापेक्षा तुरटी का प्रभावी, याचा उलगडा येथे झाला. म्हातारीला तो लागत नव्हता. कारखानदाराला मात्र लागला, कारण तुरटी विकत घ्यायची असते.

नगरांच्या पाणीपुरवठ्यात ही विद्या याच सुमारास शिरली. इंग्लंडात बोल्टन येथे १८८१ साली शहराच्या पाण्यासाठी तुरटी वापरली गेली, आणि १८८४ साली अमेरिकेत हयात नावाच्या गृहस्थाने साकळण आणि जलद गाळणी यांची जोडी करून पेटंट घेतले. आपल्या नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर आजही पाण्यात प्रथम तुरटी पडते ती याच परंपरेने.

पण आमचा विषय उद्योगाचा. अमेरिकेच्या ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगराळ मुलखात सोन्याच्या खाणी होत्या. दगड पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोने विरघळवायचे आणि मग ते पाणी दगडाच्या चिखलापासून वेगळे करायचे. दळण जितके बारीक तितके सोने जास्त. पण दळण जितके बारीक तितका चिखल बसायला उशीर. अशी ती कोंडी होती. चिखलात चुना घातला की पुंजके होत, हे तेथील लोकांना ठाऊक होते. पण टाकी भरायची, थांबायचे, वरचे पाणी काढायचे, मग माणसांनी आत उतरून चिखल उपसायचा, आणि पुन्हा भरायची. १९०५ साली जॉन डॉर या तरुण रसायनज्ञाने त्या टाकीच्या तळाशी अतिशय सावकाश फिरणारे फावडे बसविले. एका बाजूने चिखल आत येतो, वरून नितळ पाणी काठावरून वाहते, तळाचा दाट गाळ ते फावडे मध्यभागी ओढून आणते आणि तो खालून निघून जातो. टाकी कधी थांबत नाही. त्या फावड्याची गती इतकी मंद की नुसते पाहणाऱ्याला ते फिरते आहे असे वाटतही नाही, आणि सारे मर्म त्यातच आहे, कारण जोराने फिरविले तर पुंजके मोडतात. हाच डॉर म्हातारपणी रस्त्यांच्या मागे लागला. रात्री मोटार हाकणाऱ्याला कडा दिसावी म्हणून रस्त्याच्या काठाने पांढरी रेघ ओढा, असा त्याने अमेरिकेतील अधिकाऱ्यांपाशी धोशा लावला. आज आपल्या महामार्गाच्या कडेला जी रेघ दिसते तिच्या प्रचारात या चिखलवाल्याचा वाटा आहे.

डॉरची टाकी पुढे उसाच्या रसासाठी आली. कोणत्याही कारखान्यात आजही जुने कामगार तिला नुसते ‘डॉर’ म्हणतात, आणि हे एका माणसाचे आडनाव आहे हे त्यांच्या गावी नसते. उसाचा रस चरकातून निघतो तो काळपट, गढूळ, त्यात माती, मेण, भुस्सा सारे मिसळलेले. तो सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवायचा, त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर सोडायचा, मग १०२-१०३ अंशांपर्यंत उकळायचा. चुना उसातल्या फॉस्फेटशी मिळून साका करतो आणि तो साका घाण पकडतो. चुना कमी पडला तर रस आंबट राहून साखर मोडते, जास्त झाला तर रस काळवंडतो. आम्ल-अल्काचे माप सातच्या आसपास, अगदी थोड्या फरकात राखावे लागते. एवढे झाल्यावर रस उघड्या टाकीत सोडून त्यातली वाफ आणि हवा जाऊ द्यायची, कारण हवा राहिली तर गुऱ्हाळातल्यासारखे पुंजके वर तरंगतील. तेथून रस डॉरमध्ये. एकावर एक चार कप्पे असलेल्या त्या टाकीत तो दोन-अडीच तास विसावतो. वरून निघतो तो निवळ रस, त्याचीच साखर. सारा कारखाना चोवीस तास धडधडत असतो आणि ही एकच जागा अशी की जेथे काही न हलण्यावर सगळे अवलंबून असते.

तळाच्या गाळाची कहाणी वेगळी आहे आणि ती पुस्तकांत थोडी येते. त्यात साखर राहिलेली असते, म्हणून तो फेकता येत नाही, गाळावाच लागतो. पूर्वी यासाठी फिल्टरप्रेस असत, म्हणूनच त्या घाणीचे नाव प्रेसमड. लोखंडी चौकटी आणि त्यांच्यामध्ये जाड कापड. कापड तुंबले की प्रेस उघडायचा, उकळता चिखल खरवडायचा, कापडे काढून धुवायची, पुन्हा चढवायची. त्या वाफेत उघड्या अंगाने काम केलेली म्हातारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या पायांना चुन्याने पडलेल्या भेगा मरेपर्यंत बुजल्या नाहीत. अमेरिकेतच १९०७ च्या सुमारास ऑलिव्हर नावाच्या खाणतज्ज्ञाने फिरते पिंप काढले. पिंपाला जाळी, आतून हवा ओढलेली. गाळ जाळीला चिकटतो, वरून पाण्याने धुतला जातो आणि पलीकडच्या बाजूला पात्याने आपोआप खरवडला जातो. हे यंत्र साखरेत आले तेव्हा प्रेसवरचा नरकवास संपला. त्याबरोबर प्रेसवरची माणसेही संपली. आम्ही युनियनवाले असूनही सांगतो की त्या कामाबद्दल आमच्या मनात यत्किंचितही हळहळ नाही. हळहळ आहे ती एवढ्याचीच की यंत्राच्या बचतीतले काही त्या माणसांच्या वाट्याला यावे असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

हिंदुस्थानात साखर धंद्याला १९३२ साली जकातीचे संरक्षण मिळाले आणि तिसाच्या घरात असलेले कारखाने पाच-सहा वर्षांत एकशेतीसवर गेले. महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला. १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. पुढे त्या वाटेने पुष्कळ कारखाने निघाले, त्यांत आपल्या तालुक्यातील बेलगंगाही होता, ज्याचे धुराडे मधली कित्येक वर्षे थंड राहिले. १९५७ साली साखर कामगारांसाठी केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले आणि कामगारांच्या श्रेणी ठरल्या. कुशल, अर्धकुशल, अकुशल. श्रेणी ठरणे ही मोठी जीत होती. परंतु गाळाच्या टाकीवर उभा राहणारा माणूस बहुतेक ठिकाणी खलाशीच ठरला. त्याच्या हातात हत्यार नसते, तो फक्त पाहतो. आणि पाहण्याला कौशल्य म्हणावे की नाही, हा प्रश्न श्रेणी ठरविणाऱ्यांना पडला नसावा.

आता ती पांढरी भुकटी. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी पॉलिॲक्रिलामाइड नावाचा पदार्थ बाजारात आणला. हा एक रासायनिक दोरा आहे. त्याचा एकेक रेणू लाखो कड्यांच्या साखळीसारखा लांब असतो. त्याचे एक टोक एका कणाला चिकटते, दुसरे दुसऱ्याला, मधला भाग तिसऱ्याला, आणि अशा रीतीने पूल बांधले जाऊन बोराएवढा पुंजका तयार होतो. चुन्याने आणि तुरटीने भार मारून कण जवळ येतात; हा दोरा त्यांना गाठ मारतो. या दोन क्रियांना वेगवेगळी नावे द्यावीत असा आग्रह कोलंबिया विद्यापीठाच्या ला मेर यांनी धरला. भेंडीचा चीक हाही अशाच लांब साखळ्यांचा असतो. म्हणजे गुळव्या जे खोड ठेचून करीत असे तेच आता पिशवीतून येऊ लागले, आणि प्रमाण तर इतके अल्प की दहा लाख भाग रसाला दोन-तीन भाग भुकटी पुरते.

पण या दोऱ्याचे लाड फार. भुकटी एकदम पाण्यात टाकली तर बाहेरून बुळबुळीत आणि आतून कोरडे असे गोळे होतात, ते दिवसभर विरघळत नाहीत. ती चिमटीचिमटीने शिंपडून, हलक्या हाताने ढवळत, तास-दोन तास मुरू द्यावी लागते. जोराने घुसळली तर साखळ्या तुटतात आणि तुटलेली साखळी पूल बांधू शकत नाही. जास्त घातली तर प्रत्येक कणाचे अंग दोऱ्याने झाकून जाते, दुसऱ्याचा दोरा चिकटायला जागाच उरत नाही, आणि कण पुन्हा सुटे तरंगतात. म्हणजे औषध वाढविले की रोग वाढतो. शिवाय ओल्या फरशीवर भुकटी सांडली तर तिच्यावर तेलाहून वाईट पाय घसरतो. आमच्याकडे एकाचा हात त्यात मोडला, तेव्हा कोठे रबरी चटई आली.

आबांना यातले साखळी, रेणू काही ठाऊक नव्हते. त्यांच्या खिशात एक काचेची नळी असे. दर अर्ध्या तासाने ते डॉरच्या तोंडाशी रस नळीत घेत, खिडकीच्या उजेडात धरीत आणि पुंजके कसे उतरतात ते पाहत. ‘दाणा धरला’ किंवा ‘दाणा फुटला’ एवढेच त्यांचे शास्त्र. त्या हंगामात झाले असे होते की पूर्वी डॉरच्या तोंडाशी सोडले जाणारे औषध सोयीसाठी पंपाच्या अलीकडे सोडावे असा हुकूम निघाला होता. चांगले मिसळेल, असा त्यामागे हिशेब. पंपाच्या पंख्यात सापडून दाणा फुटू लागला. रस गढूळ येतो म्हणून वरून प्रमाण वाढविण्याचा तोंडी हुकूम आला, त्याने आणखी बिघडले, आणि नोटीस आली आबांना.

चौकशीच्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेतल्या एका समजूतदार मदतनिसाकडून चार उंच काचेची मापपात्रे मागून आणली. उकळता रस चहाच्या मोठ्या किटलीत भरला आणि किटली गोणपाटात गुंडाळून कचेरीत नेली. चौकशी अधिकारी वकील होते. त्यांना वाटले चहा आला. पहिल्या पात्रात नुसता रस ठेवला. दुसऱ्यात ठरलेले औषध घालून पात्र दोनदा अलगद उलटेसुलटे केले. तिसऱ्यात तेवढेच औषध घालून, दाणा धरल्यावर, एका तरुण कामगाराने ते तोंड दाबून मिनिटभर जोराने हलविले. चौथ्यात औषध चौपट घातले. मग घड्याळ समोर ठेवून सगळे गप्प बसले. खातेनिहाय चौकशीत पाच मिनिटे कोणी बोलत नाही, असा प्रसंग आम्ही पुन्हा पाहिला नाही. दुसऱ्या पात्रात गाळ सरळ रेघ धरून खाली उतरला आणि वर सोनेरी रस राहिला. पहिल्यात तो रेंगाळत उतरत होता. तिसऱ्यात आणि चौथ्यात वरचा रस धुरकटच राहिला, आणि तिसऱ्यातला तर नुसत्या रसापेक्षाही वाईट दिसत होता. वकीलसाहेबांनी चष्मा पुसून चारही पात्रे जवळून पाहिली आणि विचारले, “पंप कुठे आहे?” चीफ केमिस्ट साहेबांनी उत्तर दिले नाही, पण त्यांनी मान खाली घातली हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण म्हणून आम्ही नोंदवून ठेवतो. पंपाच्या अलीकडे औषध सोडण्याची कल्पना त्यांचीही नव्हती असे मागाहून कळले.

नोटीस मागे घेतली गेली. त्या पत्रात ‘सहानुभूतीपूर्वक विचार करून’ असे शब्द होते. हंगाम संपल्यावर औषधाची नळी पंपाच्या पलीकडे, वाफ सोडण्याच्या टाकीनंतर नेण्यात आली. ते काम आमच्याच खात्याने केले. आम्ही युनियनतर्फे अर्ज दिला की, या जागेवरील कामगाराला अर्धकुशल श्रेणी मिळावी. अर्ज तीन वर्षे फिरला. तेवढ्यात एकाच कप्प्याच्या नव्या टाक्या येऊ लागल्या होत्या. त्यांत रस तासाभराच्या आतच निवळून निघतो, म्हणजे चूक झाली तर ती सुधारायला पूर्वीचे दोन-अडीच तास मिळत नाहीत. गढूळपणा मोजणारी उपकरणे आणि आपोआप औषध सोडणारे पंपही आले. तेव्हा व्यवस्थापनाने कळविले की आता ते काम यंत्रच करीत असल्याने श्रेणीचा प्रश्न उद्भवत नाही. यंत्रातली काच मळीने भरली की ती पुसायची कोणी आणि पुसेपर्यंत रस पाहायचा कोणी, हे आम्ही पुढल्या पत्रात विचारले. त्या पत्राचे उत्तर आले नाही.

आबा २००६ साली निवृत्त झाले. त्यांच्या कागदावर हुद्दा खलाशी असाच होता. निरोपसमारंभात त्यांना शाल आणि नारळ मिळाला, भाषणे झाली. खिशातली ती काचेची नळी मात्र प्रयोगशाळेच्या जडसंग्रहात नोंदलेली निघाली, तेव्हा ती धुऊन पुसून परत जमा करावी लागली, आणि जमा केल्याची सही घेतल्यावर त्यांचा हिशेब पुरा झाला.